मोटारसायकलीचें वंगण कसें निवडावें ?

आपल्या घरांत तेल एकच कधीं नसतें. समईचें तेल निराळें, डोक्याला लावावयाचें निराळें, फोडणीचें निराळें. लोणच्यावर ओतावयाच्या तेलाविषयीं तर घरांतील वडील बायकांचीं मतें इतकीं ठाम असतात कीं, त्यांत पुरुषांनीं लक्ष घालूं नये हेंच बरें. परंतु ज्या यंत्रावर घरांतील तिघाचौघांची कचेरी, कॉलेज आणि बाजारहाट अवलंबून असतो, त्या मोटारसायकलीच्या तेलाची वेळ आली म्हणजे हा सर्व विवेक कोठें जातो कोण जाणे ! "ऑइल तें ऑइल, मिस्त्री घालील तें खरें," असें म्हणून सुशिक्षित गृहस्थहि मोकळे होतात. या उदासीनतेची किंमत पुढें दुरुस्तीच्या बिलांत, आणि क्वचित् घाटाच्या चढावर, मोजावी लागते. म्हणून या विषयाची थोडी फोड करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम हें तेल करतें काय, तें पाहूं. पूर्वींच्या दोन-स्ट्रोक गाड्यांत तेल पेट्रोलांत मिसळून त्याच्याबरोबर जळून जात असे. १९८५ सालीं हीरो होंडाची सीडी १०० ही गाडी आली आणि पुढें चार-स्ट्रोक इंजिनांचा प्रसार घरोघर झाला. या इंजिनांत तेल जळावयाचें नसून आंतल्या आंत फिरत राहावयाचें असतें. मोटारगाडींत इंजिनाचें व गिअरचें तेल वेगवेगळें असतें. आजच्या बहुतेक मोटारसायकलींत मात्र लिटर-दीड लिटर तेलालाच तीन घरचें पाणी भरावें लागतें. इंजिनाचें घर्षण कमी करणें, गिअरच्या दात्यांमधील दाब सोसणें आणि क्लचच्या चकत्या आपल्यांत बुडवून ठेवणें, हीं तिन्ही कामें तें करतें. याच कारणामुळें मोटारगाडीसाठीं उत्तम ठरलेलें तेल मोटारसायकलीला उत्तम ठरेलच असें नाहीं.

तेलाच्या डब्यावर पाहण्याजोग्या खुणा तीन. पहिली खूण दाटपणाची. एस.ए.ई. या अमेरिकन अभियंता-संस्थेच्या पद्धतीप्रमाणें ती '१०डब्ल्यू-३०' किंवा '२०डब्ल्यू-५०' अशी लिहिलेली असते. यांतील डब्ल्यू हें अक्षर विंटर, म्हणजे हिंवाळा, या इंग्रजी शब्दाचें आहे. त्याच्या आधींचा आंकडा थंडींतील वागणूक सांगतो. तो जितका लहान तितकें तेल थंडींत अधिक प्रवाही. नंतरचा आंकडा १०० अंश सेल्सिअसवरील दाटपणा सांगतो. या उष्णतेवर ३० क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असतो, तर ५० क्रमांकाचा १६.३ ते २१.९ असतो.

"आपल्याकडचा उन्हाळा कडक, तेव्हां तेल जाडच हवें," असें कित्येक मिस्त्री छातीठोकपणें सांगतात. नागपुरास पारा ४५ अंशांवर जातो हें खरें. पण चालू इंजिनांतील तेल पुण्याच्या थंडींतहि १०० अंशांच्या आसपास तापतेंच. शिवाय इंजिन बांधतांना आंतील फटी विशिष्ट तेल मनांत धरूनच ठेविलेल्या असतात. अधिक दाट तेल सकाळीं इंजिन सुरू होतांना वरच्या भागांपर्यंत उशिरां पोंचतें आणि तेवढा वेळ धातु धातूवर घांसतो. पेट्रोलहि अधिक लागतें तें निराळेंच. हीरो स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० सांगितलेलें आहे, तर रॉयल एनफील्डच्या अलीकडील ३५० सीसी गाड्यांना १५डब्ल्यू-५०. तेव्हां शेजाऱ्याचें पाहून किंवा प्रदेशाचें हवामान पाहून हा आंकडा ठरवावयाचा नसून, आपल्या गाडीच्या पुस्तिकेवरूनच तो घ्यावयाचा असतो.

दुसरी खूण गुणवत्तेची. ए.पी.आय. या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेनें पेट्रोल-इंजिनांच्या तेलांस 'एस्' या अक्षरानें सुरू होणाऱ्या श्रेणी दिल्या आहेत. एसजे, एसएल, एसएम, एसएन आणि २०२० सालीं आलेली एसपी अशी ही चढती मालिका आहे. पुस्तिकेंत सांगितलेल्या श्रेणीच्या खालीं जाऊं नये, एवढें पथ्य सामान्यतः पुरे.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. मोटारगाड्यांच्या कित्येक तेलांत इंधन वांचविण्यासाठीं घर्षण फार कमी करणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. परंतु क्लचचें सारें कामच मुळीं घर्षणावर चालतें ! तेलांत बुडालेल्या चकत्या अशा तेलामुळें एकमेकींवरून घसरूं लागतात. इंजिन ओरडतें, पण गाडी चढत नाहीं. मागें कुटुंबाला बसवून खंबाटकी घाट चढतांना असें झाल्यास तें धोक्याचें आहे. ही अडचण ओळखून जपानी लोकांनीं १९९८ सालीं 'जासो' नांवाचें मानक ठरविलें. त्यांतील एमए, आणि त्याचे एमए१ व एमए२ हे पोटभेद, तेलांत बुडालेल्या क्लचसाठीं आहेत. एमबी हें कमी घर्षणाचें तेल बिनगिअरच्या स्कूटरांसाठीं, कारण त्यांचा क्लच कोरडा असतो. एकाच ओट्याशेजारीं मुलाची मोटारसायकल व सुनेची स्कूटर उभी असेल, तेथें एकच डबा आणून दोघींत ओतण्याचा मोह होतो. एमए तेल स्कूटरींत गेल्यास फारसें बिघडत नाहीं. एमबी मात्र मोटारसायकलींत जातां कामा नये.

किंमतीविषयीं दोन शब्द. साधें खनिज, अर्ध-संश्लेषित आणि पूर्ण संश्लेषित असे तेलाचे तीन प्रकार दुकानांत असतात. संश्लेषित तेल उष्णतेंत अधिक टिकतें, यांत शंका नाहीं. परंतु पुस्तिका खनिज तेलावर समाधानी असेल, तर वेळेवर बदललेलें साधें तेल हें वर्षभर तसेंच राहूं दिलेल्या महाग तेलापेक्षां केव्हांहि श्रेयस्कर. डब्याचें सील व त्यावरील तारीख पाहावी, पावती घ्यावी. रिकामा डबा फोडून टाकावा, म्हणजे त्यांत भेसळीचें तेल भरून तो पुन्हां बाजारांत यावयाचा नाहीं.

तेल बदलण्याची मुदत पुस्तिकेंत किलोमीटर आणि महिने अशा दोन्हींत दिलेली असते. जी आधीं भरेल ती पाळावी. आजोबांची गाडी देवळापलीकडे जात नाहीं, म्हणून तिचें तेल चांगलेंच असेल, हा भ्रम होय. थोड्या अंतरांत इंजिन पुरतें तापत नाहीं आणि पाण्याचा अंश तेलांत सांचत जातो. उलट, तेल काळें झालें म्हणून घाबरूं नये. काजळी पोटांत घेणें हें त्याचें कामच आहे. मात्र तें दुधासारखें पांढुरकें दिसल्यास पाणी शिरलें असें समजावें. २०१९ च्या महापुरांत सांगली-कोल्हापुराकडे असंख्य वाहनें बुडालीं. अशी गाडी सुरू करून पाहणें हाच तिचा घात. आधीं तपासणी व तेलबदल, मग किल्ली.

काढलेल्या जळक्या ऑइलची व्यवस्थाहि आपल्याच अंगावर आहे. वाळवीसाठीं दारांना लावणें किंवा परसांत ओतणें या जुन्या संवयी सोडावयास हव्यात. तें जमिनींतून विहिरीपर्यंत जातें आणि कातडीला वारंवार लागल्यास अपाय करतें. २०१६ च्या नियमांनीं तें घातक कचऱ्यांत गणलें आहे. डब्यांत भरून तें गॅरेजमार्फत अधिकृत पुनर्प्रक्रियेकडेच जावें.

शेवटीं एक घरगुती सूचना. एकत्र कुटुंबांतील गाडी चालवितात सर्व आणि पाहतो कोणीच नाहीं. दादाला वाटतें धाकट्यानें तेल बदललें असेल, धाकट्याला वाटतें दादानें. तरी ज्या पानावर दूधवाल्याचा हिशेब मांडला जातो, त्याच्या शेजारींच गाडीच्या तेलाचे तीन संकेत, बदलल्याची तारीख आणि त्या वेळचे किलोमीटर लिहून ठेवावे, आणि महिन्यांतून एकदां गाडी सरळ उभी करून पट्टीनें तेलाची पातळी पाहण्याचें काम घरांतील एकावर सोंपवावें. तो मुलगाच असला पाहिजे असें नाहीं. कन्येच्या हातीं हें काम अधिक नेटकें होईल, असें आम्हांस वाटतें.