क्रेनमधून माल पडला, तर भुर्दंड कोणाला?



ऊस विकास खात्याच्या माणसांनी बंदरावरच्या क्रेनविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. पण आपल्या उसाची साखर परदेशी निघाली, की शेवटी ती क्रेनच्या दोरालाच लटकते. तो दोर तुटला तर नुकसान कोणाचे, हे सभासदाला ठाऊक असलेले बरे. म्हणून एक गाजलेला खटला आम्ही येथे सांगत आहोत.

१९५१ साली इंग्लंडमधील पायरीन कंपनीने भारत सरकारला आगीचे बंब विकले. सौदा ‘एफ.ओ.बी. लंडन’ असा होता. म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याची, पुढची घेणाऱ्याची. जहाज ‘जलआझाद’ हे सिंदिया कंपनीचे. वालचंदनगरचा साखर कारखाना उभारणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद या सिंदियाच्या संस्थापकांपैकी एक होते. जहाज भारत सरकारने ठरवले होते. पायरीनने सिंदियाशी कसलाही करार केला नव्हता.

जहाजाच्याच यारीने एक बंब उचलला. तो कठड्यापलीकडे जाण्याआधीच निसटून धक्क्यावर आदळला. दुरुस्तीचा खर्च आला ९६६ पौंड. चूक आमची, हे सिंदियाने मान्य केले. पण जहाजवाहतुकीच्या नियमांप्रमाणे आमची जबाबदारी एका नगामागे २०० पौंडांपुरतीच, असे तिचे म्हणणे पडले. पायरीन म्हणाली, “तुमच्या करारात आम्ही नाही, आणि बंब कठडा ओलांडून गेलाच नाही. मग तुमची मर्यादा आम्हांला कशी लागू?”

१९५४ साली न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी निकाल दिला. माल चढवणे हे एकच काम आहे, कठड्यावर त्याचे दोन तुकडे पाडता येत नाहीत. आणि त्या कराराचा फायदा विकणाराही घेत होता, म्हणून त्याच्या अटीही त्याला लागू, असे त्यांनी ठरवले. पायरीनला मिळाले फक्त २०० पौंड. उरलेल्या ७६६ पौंडांचा बोजा तिच्याच बाजूला राहिला. पाडले दुसऱ्याने, भरले मालवाल्याने!

याची दुसरी बाजूही आहे. लंडनच्या गोदीत रसायनाचे एक पिंप लॉरीत उतरवताना हमालीच्या ठेकेदाराच्या माणसांकडून पडले. नुकसान ५९३ पौंडांचे. जहाज कंपनीला असलेली मर्यादा आम्हांलाही मिळावी, असे ठेकेदार म्हणाला. १९६२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ते नाकारले, कारण वाहतुकीच्या करारात त्याचे नाव नव्हते. त्याला पुरते भरावे लागले. पुढे जहाज कंपन्या करारातच ठेकेदारांनाही संरक्षण लिहून घेऊ लागल्या.

भारतात १९२५ सालापासून अशाच नियमांचा कायदा होता. २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, तरी जहाजवाल्याच्या जबाबदारीला मर्यादा हे तत्त्व कायम आहे. एफ.ओ.बी.च्या आंतरराष्ट्रीय व्यापारी नियमांत मात्र २०११ पासून कठड्याची रेघ गेली. माल जहाजावर ठेवला गेला, की जोखीम घेणाऱ्याकडे जाते.

यातून घ्यायचे ते असे :

१) माल नेमका कोठे खरेदीदाराच्या जोखमीवर जातो, ते करारात स्पष्ट लिहिलेले हवे. कारखान्याच्या गोदामातच ताबा दिला, तर बंदराची काळजी घेणाऱ्याची.

२) तोपर्यंतचा विमा आपलाच, आणि त्यात चढ-उतार धरलेली हवी.

३) माल मोलाचा असेल, तर जहाजात चढण्यापूर्वी त्याचे स्वरूप व किंमत जाहीर करून जहाजी पावतीवर लिहून घ्यावी. मग नगामागची ती मर्यादा आड येत नाही.

क्रेनचा दोर क्षणात तुटतो, पण भरपाई कोणी करायची ते कागदावर आधीच ठरलेले असते. तेव्हा सर्वसाधारण सभेत साखरविक्रीचा विषय निघाला, की “भाव काय मिळाला?” एवढ्यावर थांबू नका. “माल कोठपर्यंत आपल्या जोखमीवर होता?” हेही विचारा. शेवटी तो पैसा उसाच्या बिलातलाच आहे.

— ऊस विकास अधिकारी