थंडीत गाडी लवकर स्टार्ट होत नाही? आधी सेल्फचा आवाज ऐका
कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे पारा १४-१५ अंशांपर्यंत येतो. एवढ्याशा थंडीत धडधाकट गाडी सहज सुरू व्हायला हवी. थंडी फक्त आधीचं दुखणं उघडं पाडते. म्हणून उद्यमनगरात गाडी नेण्याआधी मी सेल्फचा आवाज ऐकतो.

सेल्फ जड, संथ फिरतोय? बॅटरी बघा. थंडीत तिची ताकद घटते, ऑइलही घट्ट होतं. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट हवेत, १२.२ म्हणजे बॅटरी निम्मीच. टर्मिनलवरचा पांढरा थरही साफ करा.

सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन सुरू होत नाही? मग डिझेल गाडीत हीटर प्लग, पेट्रोलमध्ये स्पार्क प्लग आणि इंधनाचा दाब तपासून घ्या. नवी बॅटरी टाकून इथे काहीच फरक पडणार नाही.