बांध, अवजार आणि माणुसकी

मालवण तालुक्यांतील धामापूर येथें भगवतीच्या देवळाला लागून जें विस्तीर्ण तळें आहे, तें सन १५३० मध्यें विजयनगरच्या राज्याचा मांडलिक नागेश देसाई यानें बांधविलें, असें सांगतात. मातीचा बांध घालून पाणी अडविण्याचें हें काम आतां पांच शतकांच्या घरांत आलें आहे. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगानें सन २०२० मध्यें जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद केली. अशा नोंदीसाठीं काम निदान शंभर वर्षांचें असावें लागतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना हें ठाऊक असेल. परंतु मानपत्रापेक्षां आम्हांस दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मनुष्यानें बनविलेली एखादी वस्तु इतकीं वर्षें परक्यांच्या नातवंडांच्या उपयोगीं पडते, ती कशामुळें? नांगरापासून मळणीयंत्रापर्यंत जीं जीं साधनें आपल्या दारांत येतात, त्यांची पारख करतांना या प्रश्नाचा उपयोग होईल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

कोंकणांत पाऊस थोडा, असें कोणी म्हणणार नाहीं. चार महिन्यांत शंभर इंचांवर पाणी कोसळतें. परंतु जांभ्याची जमीन तें धरून ठेवीत नाहीं, उतार तीव्र, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. माघ-फाल्गुनांत विहिरी तळ दाखवूं लागतात. अशा मुलखांत वायंगणी भात करावयाचें तर पावसाळ्याचें पाणी डोंगराच्या कुशींतच थोपवून ठेवणें भाग असतें.

मातीच्या बांधाची करामत डोळ्यांत भरणारी नसते. माती थराथरानें घालून धुमसावी लागते, दोन्ही अंगांचा उतार सौम्य ठेवावा लागतो, आणि पाणी माथ्यावर चढण्यापूर्वीं जादा पाण्यास वाट मिळेल असा सांडवा पक्क्या जागीं काढावा लागतो. दगडी बांधावरून थोडें पाणी गेलें तर तो सोसतो. मातीच्या बांधावरून एकदां धार सुरू झाली कीं ती माती ओढीत जाते, आणि कांहीं घटकांत सारा बांध नाहींसा होतो. म्हणून असें काम करणाऱ्यास आपल्या हयातींत न पाहिलेल्या पुराचा हिशेब आधीं करावा लागतो; कोणत्या शेताला किती पाणी, हा विचार मागाहून. पोटांतून होणारा झिरपा, उंदीर-घुशींचीं बिळें, वठलेल्या झाडांच्या मुळ्यांनीं राहिलेल्या पोकळ्या, हे या बांधाचे नित्याचे शत्रु होत. पण त्यांवर इलाजहि गांवांतलाच असतो. कुदळ, फावडें, पाटी आणि चिकणमाती असली, व वेळेवर कोणी बघणारा असला, म्हणजे काम भागतें. जी वस्तु जेथें बिघडते तेथेंच, तिच्यावर पोट असणाऱ्यांच्या हातांनीं दुरुस्त होते, तिला दीर्घ आयुष्य लाभतें. शिवाय तळ्याचें पाणी उतारानें आपण होऊन शेतांत जातें. त्यासाठीं ना बैल दमतो, ना तेल जळतें.

या तळ्याविषयीं एक कथा प्रसिद्ध आहे. गरिबाघरीं लग्न निघालें म्हणजे फुलांनीं भरलेली परडी पाण्यावर सोडावी, देवी तींतून दागिने द्यावयाची, आणि कार्य उरकलें कीं ते परत करावयाचे. पुढें कोणी ते परत केले नाहींत, आणि देणें बंद झालें. कथा खरी कीं खोटी या वादांत आम्ही पडत नाहीं. ती रचणाऱ्यास सामाईक सांठ्याचा व्यवहार चांगला कळला होता, एवढें मात्र खास.

आतां दुसरी बाजू पाहूं. पुण्याजवळील पानशेतचें धरणहि मातीचेंच. त्यांतून पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाचें काम अपुरें असतां सन १९६१ च्या पावसाळ्यांत त्यांत पाणी सांठूं दिलें गेलें. बांध खचूं लागला तेव्हां लष्कराच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून तो तोलून धरण्याची शिकस्त केली, परंतु ता. १२ जुलै रोजीं सकाळीं तो फुटला, खालचें खडकवासल्याचें धरणहि फुटलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. मातीच्या बांधाचें शास्त्र त्या काळीं अज्ञात नव्हतें. एक पावसाळा थांबण्याचा धीर तेवढा नव्हता.

आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यांत, चिपळूण तालुक्यांतील तिवरें येथील धरण ता. २ जुलै २०१९ च्या रात्रीं फुटलें, आणि खालची भेंदवाडी वाहून जाऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं. धरण गळतें आहे, अशा तक्रारी गांवकऱ्यांनीं आधींच केल्या होत्या. दुर्घटनेनंतर एका मंत्र्यानें खेकड्यांवर ठपका ठेवला, त्यावर सर्वत्र हंशा झाला. खेकडे बांध पोखरतात हें कोंकणांतल्या शेंबड्या पोरासहि माहीत असतें. म्हणूनच तर पहिल्या पावसानंतर मेरेवरून फिरून यावयाचें असतें! गळती प्रथम दिसते ती बांधाखालीं राहणाऱ्याला. त्याचें म्हणणें कागदावर येऊन दुरुस्तीच्या हुकुमापर्यंत पोहोंचेल, अशी वाट ज्या कामांत ठेवलेली नसते, तें काम, गणित कितीहि बिनचूक असलें तरी, अपुरेंच समजावें. सांडवा जसा पाण्यासाठीं, तशी ही वाट तक्रारीसाठीं.

हाच न्याय लहान अवजारांस लागतो. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें प्रसृत केलेला वैभव विळा आतां भातकापणीच्या वेळीं बहुतेक ठिकाणीं दिसतो. त्याच्या पात्यास बारीक दाते असल्यामुळें घाव घालावा लागत नाहीं, ओढलें कीं कापतें. त्यामुळें मनगटास हिसका कमी बसतो. त्यानें चूड जमिनीलगत कापतां येतो. खोडकिड्याच्या अळ्या कापणीनंतर धसकटांत दडून राहतात. धसकट तोकडें राहिलें म्हणजे त्यांचा आसरा जातो, आणि गुरांस पेंढा जास्त मिळतो तो वेगळाच. आपल्याकडे कापणीस वांकणाऱ्यांत स्त्रिया अधिक. दिवसभर वांकून काम करणारीचें मनगट आणि पुढच्या हंगामांतली कीड या दोहोंचा विचार एका विळ्यांत झालेला आहे. त्यांत एक उणीव आहे ती सांगितली पाहिजे: दाते झिजले म्हणजे ते नीट करून घेणें साध्या विळ्यास धार लावण्याइतकें सोपें नाहीं.

त्याच विद्यापीठाच्या नूतन झेल्यानें आंबा देंठासह उतरतो, म्हणून चीक फळावर ओघळून साल डागळत नाहीं, आणि उतरविणाऱ्यास शेंड्यापर्यंत जावें लागत नाहीं. माडाची गोष्ट याहून कठीण. माडावरून पडलेला मनुष्य वांचला तरी बहुधा पुन्हा उभा राहत नाहीं, आणि पाडेलीचा धंदा त्याच्या मुलगा पत्करीत नाहीं. केरळांत कण्णूर जिल्ह्यांतील चेंबेरीच्या एका शेतकऱ्यानें पायांनीं चालवावयाचें चढण्याचें यंत्र तयार केलें. नारळ विकास मंडळानें सन २०११ पासून तरुणांना व स्त्रियांना अशा यंत्रावर चढण्याचें शिक्षण देण्यास आरंभ केला, व त्याबरोबर अपघाताच्या विम्याचीहि सोय केली. यंत्र, शिक्षण व विमा या तीन गोष्टी एकत्र दिल्या, हें आम्हांस यंत्राहून मोलाचें वाटतें. सराईत पाडेली यंत्रावर हंसतो, कारण तें प्रत्येक माडास बसवावें व काढावें लागतें, आणि वांकड्या माडावर तें अडतें. त्याचें हंसणें रास्त आहे. परंतु यंत्र त्याच्यासाठीं नसून त्याच्यामागें जो कोणी येणार नाहीं त्याच्या जागेसाठीं आहे.

येथें लोखंडी नांगराची आठवण होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं तो बाजारांत आणला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात, ही गोष्ट शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून सांगण्यांत येते. लांकडी नांगराचा फाळहि लोखंडाचाच होता, हें सांगणारे विसरतात. आमच्या मतें खरी धास्ती निराळी असावी: मोडल्यास गांवचा सुतार हा जोडून देईल काय? सन १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली, कारखाना वाढला, नांगर रुळला, आणि ती धास्ती सरली.

मळणीयंत्राचा इतिहास मात्र प्रत्येक खातेदारानें लक्षांत ठेवावा. उत्तर हिंदुस्थानांत गव्हाचें पीक वाढलें तशीं सन १९७० च्या सुमारास शक्तीवर चालणारीं यंत्रें खळ्याखळ्यावर आलीं. पेंढी आंत सारतांना हात दात्यांत ओढला जाऊन कित्येक मजूर थोटे झाले. बहुतेक दिवसभराच्या श्रमानें पेंगुळलेले, पुष्कळदां रात्रीं काम करणारे. पेंढी सारण्याचा पन्हळ अंमळ लांब केला व त्यावर झांकण बसविलें, तर हात दात्यांपर्यंत पोहोंचतच नाहीं. एवढ्या पत्र्याचा खर्च तो काय! तरी त्यासाठीं सन १९८३ मध्यें धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला, आणि जखमी मजुरास भरपाई देण्याची तरतूद त्यांत घालावी लागली. मजुरानें सावध असावें हें म्हणणें सोपें आहे. पण जो थकणारच, त्याचा थकवा गृहीत धरून यंत्र घडविणें हें कारागिराचें काम आहे, आणि तसें घडविलेलेंच विकत घेणें हें आपलें.

काजू-आंब्याच्या बागांतून गवत कापणारीं यंत्रें हल्लीं सर्रास चालतात. पात्याजवळचें संरक्षक झांकण गवत अडकतें म्हणून काढून ठेवण्याची चाल पडली आहे. जांभ्याच्या खड्यांनीं भरलेल्या जमिनीवर ही चाल फार वाईट. उडालेला खडा डोळ्यावर बसला तर हंगामाची सारी मजुरी दवाखान्यांत जाते, व डोळा येत नाहीं. चष्मा व पायांस जाड आच्छादन यंत्राबरोबरच विकत घ्यावें, मागाहून नव्हे.

मंडळाच्या सभासदांपैकीं जे येत्या हंगामांत कोणतेंहि यंत्र घेणार असतील, त्यांनीं जो माणूस तें चालविणार त्यास बरोबर घेऊन दुकानीं जावें, आणि आपल्या आधीं त्याच्या हातांत तें द्यावें. वजन खांद्यास झेपतें कीं नाहीं, मूठ हातांत बसते कीं नाहीं, तात्काळ बंद करण्याची कळ अंगठ्याखालीं येते कीं नाहीं, हें तो घटकाभरांत सांगेल. सुटे भाग कुडाळास वा कणकवलीस मिळतात, कीं त्यांसाठीं पुण्या-मुंबईस लिहावें लागतें, हेंहि तेथेंच विचारून घ्यावें. चालवून पाहूं देण्यास दुकानदार नाखूष दिसला, तर शेजारचें दुकान उघडेंच असतें.