बाळाचे पहिले दूध आणि घरातील वडीलधारी

घरात लवकरच पाळणा हलणार असेल, तर दुपटी, टोपडी, बाळंतविडा यांची तयारी एव्हाना सुरू झाली असेल. बाळाला पहिले दूध कोणते आणि कसे द्यायचे, हेही प्रसूतीपूर्वीच सर्वांनी मिळून ठरवावे, अशी आपणांस विनंती आहे. थकलेल्या मातेला ऐनवेळी चार जणांचे चार सल्ले ऐकावे लागू नयेत.

जन्मानंतर तासाभरात बाळाला स्तनपान सुरू करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो; मातेचा चीक मात्र ‘बाळाला जड’ म्हणून पिळून टाकण्याची चाल अनेक घरांत होती. वस्तुतः त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये विपुल असतात. तो थोडाच येतो, परंतु नवजात बालकाची गरजही तेवढीच असते. ‘पुरत नाही’ या काळजीपोटी वरचे दूध सुरू केले, की बाळ अंगावर कमी पिते आणि मग दूधही कमी तयार होते.

जिभेवर मधाचे बोट लावण्यामागे आपली मायाच असते. तथापि मधात बोट्युलिझम या रोगाच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. ते तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष निर्माण करतात व स्नायू लुळे पडतात. म्हणून वर्षभर मध नकोच. पहिले सहा महिने घुटी, गुळाचे पाणी, साधे पाणीसुद्धा देऊ नये, उन्हाळ्यातही नाही. डॉक्टरांनी सांगितलेली औषधे वा थेंब तेवढे अपवाद.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजावे. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर सहसा चिंता नसते. आरंभी थोडे घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून येते. बाळ सुस्त झाले, पिईनासे झाले वा लघवी कमी झाली, तर मात्र तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

काही मातांना स्तनपान शक्य होत नाही. त्यात त्यांचा दोष नसतो. कृपया त्यांना बोल लावू नये. अपुऱ्या दिवसांच्या वा आजारी बाळांसाठी मातृदुग्धपेढीचा आधार मिळू शकतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली अशी पेढी सुरू झाली. डॉक्टरांनी पावडरचे दूध सुचविल्यास वाटी-चमचा किंवा बोंडले स्वच्छ धुऊन उकळावे. पाणी उकळून, ते ७० अंश सेल्सिअसपेक्षा थंड होण्यापूर्वी पावडर मिसळावी. डब्यावरील प्रमाण तंतोतंत पाळावे. बचतीसाठी दूध पातळ करू नये. कोमट झाल्यावर मनगटावर थेंब टाकून पाहावा. उरलेले दूध टाकून द्यावे.

मग आजी-आजोबांनी करावे तरी काय? बाळंतिणीला वेळेवर गरम जेवण द्यावे, ढेकर काढण्यासाठी बाळाला खांद्यावर घ्यावे, पाहुण्यांची वर्दळ आवरावी आणि तिला दुपारची झोप मिळू द्यावी. बाळाला पाजणे हे मातेचे काम. त्या मातेला सांभाळणे हे आपले.