अर्ध्या कोकराचा हिशेब

काश्मीरच्या कृषी विद्यापीठात जन्मलेल्या, जनुकसंपादन केलेल्या देशातील पहिल्या मेंढीची वार्ता २०२५ च्या मे महिन्यात दैनिकांनी ठळकपणे छापली, आणि तिच्या अंगावर सुमारे ३० टक्के अधिक मांस भरेल हेही वाचकांना एव्हाना पाठ झाले असेल. परंतु तिचे नाव ‘तरमीम’ ठेवले आहे ह्या तपशिलाकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. निजामी अमदानीतील कागदपत्रे ज्यांच्या घरी अजून ट्रंकेच्या तळाशी पडून आहेत, अशा आमच्या मुलखातील माणसाला तो शब्द परका नाही. तरमीम म्हणजे दुरुस्ती, मग ती कायद्यातील असो की दाव्याच्या अर्जातील. मेंढीच्या वंशलेखात केलेल्या फेरफाराला इतके चपखल दप्तरी नाव देणाऱ्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

कौतुक मात्र माझ्यापुरते तेथेच थांबते. जळकोटासारख्या गावात (लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे जळकोट निराळे; आमचे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग मागे पडल्यावर लागणारे) जनावराची विचारपूस वजनापासून सुरू होत नाही. “कितवं वेत? किती दिली?” हा येथला पहिला प्रश्न, आणि ज्या काळ्याभोर शेळीला ह्या जिल्ह्याचे नाव मिळाले, जिल्ह्याचे नाव बदलले तरी जी अद्याप ‘उस्मानाबादी’च राहिली आहे, तिची कीर्तीसुद्धा मुख्यतः जुळ्या करडांचीच. म्हणूनच मेंढीवर लिहा असा संपादकांचा निरोप आला तेव्हा माझे मन काश्मीरकडे न वळता फलटणकडे वळले. मांस वाढविण्याचा नव्हे, तर जन्म वाढविण्याचा, आणि माझ्या मते त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो कोठे थांबवावा ह्याचा विचार तेथे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून चिकाटीने चालू आहे.

हा विचार ज्यांनी केला त्या डॉ. चंदा निंबकर ह्या लेखिका जाई निंबकर आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे संस्थापक बनबिहारी निंबकर ह्यांच्या कन्या, म्हणजेच इरावती कर्वे ह्यांच्या नात. कुळाच्या गोष्टी विज्ञानाच्या लेखात अप्रस्तुत समजल्या जातात हे मला मान्य आहे. तरीही १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडून, आणि पुढे १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून, किती मुले व्हावीत हे दैवाने नव्हे तर माणसाने ठरवावे असे सांगणारे रघुनाथराव कर्वे हे इरावतीबाईंचे दीर, आणि त्याच घरातील नात मेंढीला एकाऐवजी दोन कोकरे कशी व्हावीत ह्याचा शोध घेते, हा योग सोडून पुढे जाणे माझ्याने होत नाही. वरवर पाहता दोघांच्या दिशा परस्परविरुद्ध. प्रश्न मात्र एकच.

दख्खनी मेंढी बहुधा एका वेताला एकच कोकरू देते, आणि उन्हाळ्यात शिवारात उरलेले तण, बाभळीच्या शेंगा आणि रानोमाळची पायपीट ह्यांवर जगणाऱ्या जनावराने त्याहून अधिक द्यावे अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे. याउलट बंगालच्या सुंदरबनातील दलदलीत चरणारी गारोल ही इतकी लहान, की तिला पाहून आपला धनगर हसेल. पण जुळी आणि तिळी देणे हा तिचा नित्याचा व्यवहार. ह्या मेंढीचा प्रवास एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. १७९२ आणि १७९३ साली बंगालहून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात नेण्यात आल्या. कालांतराने त्या लोकरीच्या मेरिनो कळपांत मिसळून गेल्या. पुढे दीडएकशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधील सीअर्स बंधूंच्या ‘बुरुला’ ह्या मेंढवाड्यात काही मेरिनो मेंढ्या अचाट संख्येने कोकरे देऊ लागल्याचे ध्यानात आले. ह्या बहुप्रसवेचे मूळ एका जनुकात आहे हे पुढे स्पष्ट झाले, २००१ साली तो नेमका कोणता तेही कळले, आणि लवकरच तोच फेरफार गारोलमध्येही सापडला.

बीएमपीआर-१बी असे त्या जनुकाचे रुक्ष नाव. त्यापासून घडणाऱ्या प्रथिनात २४९ व्या स्थानी ग्लुटामीनऐवजी अर्जिनिन येते, एवढीच काय ती निसर्गाने केलेली तरमीम. परंतु तिचा परिणाम समजायचा तर मेंढीच्या उदरात दर सतराएक दिवसांच्या ऋतुचक्रात जी स्पर्धा घडते ती पाहावी लागते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक रक्तात सोडते आणि त्याच्या जोरावर अंडाशयातील अनेक बीजपुटके एकदम वाढीला लागतात. त्यांतले एखादे इतरांच्या पुढे जाते, आणि पुढे गेल्यावर सत्ताधीशाने करावे तेच करते: स्वतः इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन निर्माण करून पीयूषिकेकडून येणारी एफएसएचची रसद आखडते. स्वतः मोठे झाल्यामुळे त्याला थोडक्यात भागते. मागे राहिलेली बाकीची सुकून जातात. म्हणून बीज एक, आणि कोकरूही एक. बदललेल्या जनुकाच्या मेंढीत पुटकांची वाढ रोखून धरणारा निरोप मंदावतो, त्यामुळे ती लहान असतानाच परिपक्व होतात. एक मोठे पुटक जितके इस्ट्रोजेन देते तितके देण्यास येथे चार लहानांना एकत्र यावे लागते, आणि रसद आटेपर्यंत ती चारही पक्व झालेली असतात. थोडक्यात, ह्या मेंढीत संप्रेरकांचा पूर आलेला नसतो. वाटणीचा कायदा तेवढा बदललेला असतो.

संप्रेरके टोचून हेच साधण्याचा मार्ग जुना आहे. गाभण घोडीच्या रक्तद्रवात बीजपुटके वाढविणारे संप्रेरक असते, हे कोल आणि हार्ट ह्या अमेरिकन संशोधकांनी १९३० साली दाखविले आणि पुढे ते मेंढ्यांनाही टोचले जाऊ लागले. पण टोचलेले औषध त्या खेपेपुरते. शिवाय एकीला काहीच लागू पडत नाही आणि दुसरीच्या पोटात पाच बीजे सुटतात, असा त्याचा लहरी कारभार. ज्याच्याकडे चाळीस मेंढरे आणि दारात घेणेकऱ्यांची रांग, त्याने असल्या जुगारात का उतरावे?

फलटणला गारोलचा जनुक दख्खनीत आणण्यात आला. गारोलचा खुजा बांधा त्याबरोबर येऊ नये म्हणून संकरित पिले पुनःपुन्हा दख्खनीशी जुळविण्यात आली, बांधा आणि दूध ह्यांसाठी इस्राएलच्या अवासीचे आणि मांसासाठी कर्नाटकातील बन्नूरचेही रक्त घेण्यात आले, आणि कोणत्या पिलात जनुक उतरला आहे हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने रक्ताच्या थेंबावरून पारखण्यात आले. ‘नारी सुवर्णा’ ह्या नावाने जी मेंढी पुढे आली, तिचा लाभ सांगताना संशोधकांनी धरलेला आकडा मला फार भावतो: जनुकाची एक प्रत असलेली मेंढी दर वेताला सरासरी सुमारे अर्धे कोकरू अधिक देते. अर्ध्या कोकराची वर्तमानपत्री बातमी होत नाही. जनुकाच्या दोन प्रती असल्या तर सुटणारी बीजे आणखी वाढतात, पण हाती लागणारी कोकरे त्या प्रमाणात वाढत नाहीत. पोटातील जागा तेवढीच, आणि तिळ्यांमधले दुबळे कोकरू पहिल्या थंडीलाही टिकत नाही. डॉ. निंबकरांनी हा हिशेब संस्थेच्या गोठ्यापुरता ठेवला नाही. मेंढपाळांच्या स्वतःच्या कळपांत, त्यांच्याच चाऱ्यावर, कोकरे किती झाली एवढ्यावर न थांबता दूध तुटेपर्यंत किती जगली हे त्यांनी मोजले. माझ्या दृष्टीने जनुकाच्या शोधापेक्षा हे मोजणे मोठे.

आमच्या शेळीसाठी असे मोजणे झाले पाहिजे, असा माझा आग्रह आहे. तुळजापूर तालुक्यातच तीर्थ येथे शासकीय महामंडळाचे प्रक्षेत्र आहे, शेळीचे गुणगान करणारी पत्रकेही निघतात. आणि त्या पत्रकांत जुळ्यांचा उल्लेख जितक्या उमाळ्याने होतो, तितक्या उमाळ्याने दुधाचा होत नाही. शेळी असो की मेंढी, सड दोनच. तिळी झाली की पहिली दोन करडे सडांना लागतात, आणि घरची बाई तिसरे मांडीवर घेऊन, शेजारणीच्या शेळीचा मागून आणलेला चीक बोटाने त्याच्या तोंडात घालीत बसते.