पीएच.डी.नंतर (भाग ७) : दोन वर्षं, जमल्यास तिसरं

मागच्या भागात आपण प्रबंध, परीक्षकांचे अहवाल आणि व्हायवा इथवर आलो होतो. नावामागे ‘डॉ.’ लागलं, पेढे वाटून झाले, आणि घरचे विचारू लागले, ‘आता कायमची नोकरी ना?’ भौतिकशास्त्रात याचं उत्तर बहुधा ‘अजून नाही’ असं असतं. पीएच.डी. आणि प्राध्यापकी यांच्या मधला जो टप्पा आहे त्याला सगळे पोस्टडॉक म्हणतात. आजचा भाग त्याच्याविषयी, आणि खरं तर त्याच्या जाहिरातीतल्या एका वाक्याविषयी.

जाहिरात साधारण अशी असते : भौतिकशास्त्र विभागात पोस्टडॉक हवा; नेमणूक दोन वर्षांसाठी; काम आणि निधीची उपलब्धता पाहून आणखी एक वर्ष वाढवता येईल. उमेदवार आधी विद्यापीठाचं नाव बघतो, मग पगार. मुदतीचं वाक्य वाचलं न वाचलं करून तो पुढे जातो. माझ्या मते सगळ्यात आधी वाचायचं ते हेच वाक्य.

हिशेब करून पाहा. तुम्ही सप्टेंबरात परदेशी विद्यापीठात रुजू झालात. घर शोधणं, कागदपत्रं, नव्या गटाची सॉफ्टवेअर किंवा प्रयोगशाळेतला अनोळखी क्रायोस्टॅट समजून घेणं यात दिवाळी उलटून जाते. पुढच्या सप्टेंबरात त्यानंतरच्या जागांच्या जाहिराती यायला लागतात, आणि तुमची दोन वर्षं संपायच्या आत दुसरी जागा हवी असेल तर तेव्हाच अर्ज करावा लागतो. त्या अर्जात नव्या गटातलं काहीतरी दाखवायला हवं. म्हणजे कागदावर दोन वर्षं असली तरी निवांत काम करायला मिळतात जेमतेम नऊ-दहा महिने. तीन वर्षांची खात्री असेल तर हाच काळ दुपटीहून जास्त होतो. म्हणून मोठ्या नावाच्या विद्यापीठातली ‘दोन, जमल्यास तीन’ आणि मध्यम नावाच्या विभागातली पक्की तीन वर्षं असा पेच पडला, तर मी विद्यार्थ्यांना दुसरी जागा घ्यायला सांगतो. ते बहुतेक वेळा ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.

हा हंगाम सगळ्या शाखांना सारखा लागू नाही. खगोलभौतिकी आणि सैद्धांतिक भौतिकी यांच्या जागा शरद ऋतूत निघतात आणि हिवाळ्यात भरल्या जातात. खगोलशास्त्रात तर अमेरिकेतल्या संस्थांनी आपसात ठरवून घेतलं आहे की १५ फेब्रुवारीआधी कुणाही उमेदवाराला होकार-नकारासाठी भरीला पाडायचं नाही. हा दिवस लक्षात ठेवा. एखादा विभाग जानेवारीतच ‘दोन दिवसांत कळवा’ म्हणू लागला, तर सभ्यपणे त्याची आठवण करून देता येते. घनपदार्थ भौतिकी किंवा लेसर प्रयोगशाळा यांचं तसं नाही. तिथे प्राध्यापकाची ग्रँट मंजूर झाली की जागा निर्माण होते, मग तो मे महिना असो की नोव्हेंबर. अशा ठिकाणी जाहिरातीची वाट बघत बसण्यापेक्षा नीट लिहिलेली एक ईमेल जास्त उपयोगी पडते. नीट म्हणजे, ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारा एकच मजकूर पन्नास जणांना पाठवणं नव्हे. समोरच्याचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचलेला असावा आणि त्यात पुढे काय करता येईल हे तीन-चार ओळींत सांगितलेलं असावं.

आता पैशाकडे येऊ, कारण पैसा कुणाचा आहे त्यावर तुमचं स्वातंत्र्य ठरतं. प्राध्यापकाच्या प्रोजेक्टमधून पगार मिळत असेल तर काम त्या प्रोजेक्टचं करायचं, आणि प्रोजेक्ट संपला की नेमणूकही संपली. जाहिरातीतलं ‘निधीची उपलब्धता’ येतं ते इथून. उलट फेलोशिप तुमच्या नावावर असेल तर प्रश्नही तुमचा असतो. ही दुसरी पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९१९ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून भौतिकी आणि रसायनशास्त्रासाठी अशा फेलोशिप सुरू केल्या. रॉबर्ट ओपेनहायमर यांनी पीएच.डी.नंतर हीच फेलोशिप घेऊन हार्वर्ड आणि कॅलटेकमध्ये काम केलं.

आपल्याकडे विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांत पोस्टडॉकच्या स्वतःच्या जागा जवळपास नसतातच. तिथे जायचं तर प्रोजेक्टमधला रिसर्च असोसिएट व्हायचं, नाहीतर स्वतःची फेलोशिप घेऊन जायचं. टीआयएफआर, आयुका यांसारख्या संस्था मात्र आपल्या पैशातून पोस्टडॉक घेतात. टीआयएफआरमध्ये त्यांना ‘व्हिजिटिंग फेलो’ म्हणतात, तेव्हा जाहिरात शोधताना हे नावही शोधा. रिसर्च असोसिएटचं मानधन केंद्र सरकारने १ जानेवारी २०२३ पासून वाढवलं : तीन पायऱ्यांवर ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडं. ऐकायला बरं वाटतं. पण नव्या सहायक प्राध्यापकाचं नुसतं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे आणि त्यावर महागाई भत्ता चढत जातो. मानधनाला महागाई भत्ता नाही. वर हप्ता वेळेवर येईल असंही नाही. लग्न झालेल्या, तिशी ओलांडलेल्या माणसाला चार महिन्यांचं मानधन एकदम मिळण्याची वाट पाहायला लावणं ही आपल्या व्यवस्थेची बेफिकिरी आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही.

विद्यापीठाच्या आवारात एका पोस्टडॉकमधून काय उभं राहू शकतं याचं माझं आवडतं उदाहरण पुण्याचं आहे. आयुकाची स्थापना १९८८ सालची, पुणे विद्यापीठाच्या आवारातली. ती अगदी नवी असताना बी. एस. सत्यप्रकाश तिथे संजीव धुरंधर यांच्याकडे पोस्टडॉक म्हणून आले. प्रश्न असा होता : दोन जड तारे एकमेकांभोवती फिरत शेवटी एकत्र येतात तेव्हा निघणारी गुरुत्वीय लहर गोंगाटात पार बुडालेली असणार, ती ओळखायची कशी? लहर कशी दिसेल याचे सैद्धांतिक नमुने आधी तयार करायचे आणि मिळालेली नोंद एकेका नमुन्याशी ताडून पाहायची, ही कल्पना होती. पण ताऱ्यांची वस्तुमानं ठाऊक नसतात, म्हणजे नमुने हवे तितके. ते किती घ्यायचे आणि किती दाट मांडायचे, की खरी लहर निसटणार नाही आणि संगणकही हाती राहील? या दोघांचा यावरचा निबंध १९९१ साली ‘फिजिकल रिव्ह्यू डी’मध्ये आला. तेव्हा अमेरिकेतल्या लायगोच्या बांधकामाला सुरुवातही झालेली नव्हती! १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली, आणि तिच्या विश्लेषणात नमुन्यांशी ताडून पाहण्याची ही पद्धत वापरली गेली. सत्यप्रकाश पुढे कार्डिफला गेले. इथे लक्षात घ्यायचं ते असं की, संस्था नवी होती, यंत्र अस्तित्वातही नव्हतं. होता तो एक चांगला प्रश्न, आणि सोबत बसून तो सोडवणारा वरिष्ठ.

परदेशी फेलोशिपमध्ये मुदतीचा आणखी एक डाव असतो. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप नव्या डॉक्टरांना पीएच.डी.नंतर चार वर्षांच्या आत मागावी लागते. युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपला अलीकडच्या नियमांत ही मर्यादा आठ वर्षांची आहे. शिवाय ज्या देशात जायचं तिथे आधीच्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे जर्मनीत एक पोस्टडॉक करून तिथूनच जर्मनीसाठी मारी क्युरी मागायची असं ठरवलं असेल, तर त्या क्रमाचा आताच फेरविचार करा. जोडीदारही संशोधनात असेल तर हे गणित आणखी अवघड होतं. भौतिकवाले त्याला गमतीने ‘टू-बॉडी प्रॉब्लेम’ म्हणतात. दोघांना एकाच शहरात जागा मिळवण्यात ज्यांची वर्षं गेली त्यांना त्यात गंमत वाटत नाही.

भारतात सध्या कुठे बघावं? क्वांटम तंत्रज्ञानाकडे. राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटींची मंजुरी मिळाली, आणि त्यातलं संवेदन व मापनशास्त्राचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. त्याच महिन्यात हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियालाही सुमारे २,६०० कोटी मंजूर झाले. तिथे प्रकाशिकी, निर्वात तंत्र, विदा-विश्लेषण अशा सगळ्याच बाजूंना माणसं लागतील. पण ही सगळी मोहिमेची कामं. तुमचा स्वतःचा प्रश्न त्यात कुठे बसतो हे मुलाखतीत विचारून घ्या. हे विचारल्याबद्दल कुणी रागावलं, तर तिथे न जाणंच बरं.

शेवटी एक काम, जे या आठवड्यातच करायचं आहे. जवळपास प्रत्येक अर्जाला तीन शिफारसपत्रं लागतात आणि ती प्राध्यापक थेट पाठवतात. तुम्हाला ती दिसत नाहीत. गाईडचं एक पत्र असतंच. उरलेल्या दोघांना तुमचं काम ठाऊक असायला हवं, निव्वळ पद मोठं असून भागत नाही. त्यांना आजच लिहा, सोबत दोन पानी संशोधन-आराखडा जोडा, आणि अर्जाच्या तारखेला निदान महिना शिल्लक ठेवा. पुढच्या भागात ऑनलाइन मुलाखतीविषयी बोलू.