खाडीचा आंबटपणा डोंगरात ठरतो

अगदी स्वच्छ पाऊसही थोडा आंबट असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळतो, सौम्य कार्बनिक आम्ल तयार होतं आणि पावसाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 5.6 भरतो. आता हा थेंब कोणत्या दगडावर पडतो, यावर शेकडो किलोमीटर दूरच्या खाडीतल्या कालवांचं बरंचसं नशीब अवलंबून असतं.

चुनखडीवर पडला, तर आम्ल दगड खातं आणि खाता खाता स्वतःच संपतं. मागे उरतं बायकार्बोनेट. म्हणजे आंबट निघालेलं पाणी नदीत उतरतं ते पुढचं आम्ल झेलण्याची ताकद घेऊन! ग्रॅनाइट त्या थेंबाला फारशी दाद देत नाही, त्यामुळे तिथून नदी जवळपास रित्या हातांनी निघते. आपल्या दख्खनचा काळा बेसॉल्ट यांच्या मधला: चुनखडीइतका हळवा नाही, पण ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी भरभर झिजणारा.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक खाडीत हा हिशेब फार छान दिसतो. ही खाडी सुमारे 320 किलोमीटर लांब, आणि तिच्यातलं निम्मं गोडं पाणी एकट्या सस्क्वेहाना नदीचं. या नदीतलं बायकार्बोनेट समुद्राच्या निम्म्याहूनही कमी. वॉशिंग्टनजवळून वाहणारी पोटोमॅक मात्र शेनान्डोआ खोऱ्यातल्या चुनखडीवरून येते, म्हणून तिच्याकडे ते बरंच जास्त. खाडी एकच, पण नद्यांची शिदोरी वेगवेगळी. त्यात माणसाचाही हात आहे. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींतून झिरपणारं गंधकाम्ल सस्क्वेहानाचं बायकार्बोनेट वर्षानुवर्षं खात होतं. खाणकाम ओसरलं तसं ते नदीत पुन्हा वाढत गेलं.

मला सर्वांत चकित करणारी गोष्ट मात्र मिसळण्याची आहे. नदीचं आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की सामू दोघांच्या मधे कुठेतरी यावा, असं कुणालाही वाटेल. पण मूक आणि कूने या संशोधकांनी 1975 मध्ये दाखवलं की काही नद्यांच्या बाबतीत तो दोघांपेक्षाही खाली जातो. पाण्यात थोडं मीठ आलं की कार्बनिक आम्ल आपला हायड्रोजन अधिक सहज सोडतं. समुद्राकडची आम्ल झेलण्याची ताकद मात्र तितक्यात पुरेशी पोचलेली नसते. निमखाऱ्या पाण्याचा हा पट्टा म्हणूनच सर्वांत नाजूक. नेमक्या याच पाण्यात खाडीतले कितीतरी जीव लहानाचे मोठे होतात.

नाजूक जागी घावही जास्त बसतात. शेतांतलं नत्र वाहून येतं, शेवाळ माजतं, मरून तळाशी कुजतं. चेसापीकच्या तळात उन्हाळ्यात प्राणवायूच उरत नाही आणि हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो वर सरकून प्राणवायूला भेटला की पुन्हा आम्ल. डेलावेअर विद्यापीठातल्या वेई-जुन काय आणि सहकाऱ्यांना 2017 मध्ये सर्वांत आंबट पाणी तळाशी नव्हे, तर मधल्या खोलीवर सापडलं, ते यामुळे. खाडीचं सगळं आम्ल हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या नावावर मांडणं हा मला अर्धाच हिशेब वाटतो.

जीवही या हिशेबात ढवळाढवळ करतात. पोटोमॅकच्या वरच्या भागात आशियातून आलेला गोड्या पाण्यातला एक शिंपला पसरला आहे. कवच बांधताना तो पाण्यातलं बायकार्बोनेट वापरतो. चुनखडीच्या डोंगरांनी दिलेली शिदोरी अशी समुद्र गाठण्याआधीच कमी होते. शिंपल्याला दोष तरी काय द्यायचा!

याच्या उलट काम करतं सस्क्वेहानाच्या मुखाजवळचं पाण्याखालचं गवत. उन्हाळ्यात ते इतक्या जोमाने कार्बन डायऑक्साइड शोषतं की भोवतालच्या पाण्याचा सामू चढतो आणि पानांवर चुन्याचे बारीक कण धरतात. हे कण प्रवाहाबरोबर दूर दक्षिणेला जातात, तिथल्या आंबट पाण्यात विरघळतात आणि आम्ल मारतात. आम्लधर्मी शेतजमिनीत आपण चुना टाकतो, तसंच हे. फक्त इथे चुना तयार होतो एकीकडे आणि पडतो दुसरीकडे. वेई-जुन काय यांच्याच गटाने 2020 मध्ये हे उलगडलं.

1972 मध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पुराने हे गवत जवळजवळ नाहीसं केलं होतं. नदीतून येणारं नत्र कमी करण्याचे प्रयत्न झाले आणि या शतकाच्या सुरुवातीपासून ते पुन्हा पसरलं. ते प्रयत्न पाणी नितळ व्हावं आणि प्राणवायू टिकावा म्हणून होते. खाडीच्या आंबटपणावरही ते उतारा ठरले, हे नंतर कळलं.